अण्णांची बॅटरी कोण पितंय?

जाधव अण्णांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं तर ते "बरा आहे" म्हणत नाहीत. "बारा पॉइंट सहा" म्हणतात, बॅटरीचे व्होल्ट सांगावेत तसं. झोप नीट लागली नसेल तर "बारा पॉइंट दोन". आणि ज्या दिवशी ते अकरावर घसरतात त्या दिवशी जे. पी. नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून सटकतो.

आम्ही इथे राहायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. पुण्याहून आलेल्या ट्रकमधून आमचं सामान उतरत होतं, मी आणि माझा नवरा सुहास घामाघूम होऊन खोकी मोजत होतो. एवढ्यात जिन्याखालच्या अंधारातून एक गृहस्थ बाहेर आले. हाफ पँट, बनियन, कपाळावर पट्ट्याने बांधलेला टॉर्च आणि दोन्ही हातांत मीटरच्या दोन सुया, एक लाल, एक काळी. वय पासष्टीच्या पुढचं.

"पुण्याचे अल्वा?" त्यांनी विचारलं. अल्वा म्हणजे कानडीत 'नाही का?'. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, अल्वा हे कुणाचं तरी आडनाव आहे.

"नाही, आम्ही जोशी," सुहास म्हणाला.

"सरी, सरी, बरं बरं. गाडी आहे?"

"स्कूटर आहे."

"रात्री तिला कोण पितंय ते कधी बघितलं का?"

सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रककडे पाहिलं. सामान अजून अर्धंच उतरलं होतं, परत चढवता आलं असतं.

अण्णांचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्यांपासून आहे की किती, हे त्यांनाही सांगता येत नाही. "पूर्वज घोड्यावर बसून आले. परत जायला घोडा मिळाला नाही. राहिलो." एवढाच त्यांचा इतिहास. घरात मराठी, दारात कानडी आणि जिन्यात दोन्हींचं सांबार. एका सरकारी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर विजेची यंत्रं सांभाळली. लग्न राहून गेलं. कसं राहिलं असं विचारलं तर म्हणतात, "स्वल्प उशीर झाला, मग अजून स्वल्प झाला." तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि 'बाई'.

बाई म्हणजे त्यांची मोटरसायकल. वयाने साधारण माझ्याएवढी. काळी टाकी, त्यावर लाल रेघ आणि आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर नाचायला लागतात. एवढ्यावर थांबलं असतं तर बाई सुखाने म्हातारी झाली असती. पण अण्णांनी तिला दागिने घातले. पुढे घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन पिवळे दिवे. हँडलवर घड्याळ, थर्मामीटर, मोबाईल चार्ज करायची खोबण. मागच्या माणसाच्या पायाशी एक छोटा दिवा, पाय ठेवायची जागा दिसावी म्हणून. अवजारांच्या डब्यात दुसरा, झाकण उघडलं की लागणारा, फ्रिजसारखा. सीटखाली निळ्या उजेडाची पट्टी. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे रिव्हर्सचं संगीत. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, पण अण्णा पार्किंगमधून गाडी पायाने ढकलत मागे घेतात तेव्हा एक बटण दाबतात आणि ट्रक मागे घेताना वाजते तशी धून वाजू लागते. आमच्या बिल्डिंगमधली सगळी तान्ही बाळं त्या धुनेवर झोपतात.

हे सगळं बॅटरीवर. आणि बॅटरी केवढी? खोबऱ्याच्या बर्फीच्या डब्याएवढी. अण्णांच्या मते जुन्या गाडीची बॅटरी म्हणजे एकट्या कमावत्यावर चालणारं घर. "गाडी मोकळ्या रस्त्यावर पळाली तर बॅटरी भरते, पोरी. आपल्या बंगळूरात ती पळते का? सिग्नलला उभी राहून नुसती धापा टाकते. भरणारा थकलेला, आणि पिणारे सगळे ताजेतवाने." वर बाईची आणखी एक खोड अशी की बॅटरी मेली तर ठिणगी पडत नाही, आणि ठिणगी पडली नाही तर किक मारून मारून पाय हातात आला तरी ती चालू होत नाही.

म्हणून अण्णांनी शिस्त आणली. सगळ्या दागिन्यांच्या वायरी एकत्र करून एका रिलेमधून नेल्या. रिले म्हणजे किल्लीच्या हुकमावर उघड-बंद होणारा दरवाजा. किल्ली फिरवली की सगळे जागे, किल्ली काढली की सगळे झोपले. "हॉस्टेलसारखं," ते मला अभिमानाने म्हणाले. "दहा वाजता वॉर्डन दिवे घालवतो." जुने पिवळे बल्ब काढून कमी पिणारे एलईडी लावले. प्रत्येकाला वेगळा फ्यूज दिला. आणि तरीसुद्धा मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर एक विलक्षण प्रकार सुरू झाला. रविवारी ठणठणीत असलेली बॅटरी शुक्रवारपर्यंत गळून पडायची.

अण्णांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. सकाळ-संध्याकाळ जिन्याखालून एकच गर्जना ऐकू यायची. "कोण पितंय? आज शोधूनच काढतो!"

आता दुसऱ्या मजल्यावर साने काका राहतात. निवृत्त शास्त्रज्ञ, अत्यंत सभ्य माणूस. एका शनिवारी संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे ओरडले, "रोज कोण पितंय ते मला कळलं पाहिजे! गुपचूप पितंय, किल्ली बंद झाल्यावर पितंय! आज पकडणार!" पाचच मिनिटांत साने काका पायजम्यात खाली आले, चेहरा उतरलेला. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जाधव, रोज नाही हो. फक्त शनिवारी. तेही दोनच. हिला सांगू नका."

अण्णांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, तुमचा फ्यूज काढून बघू या का?"

हे सगळं ऐकायला साने काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या शनिवारपासून काका लिंबू सरबत पितात, आणि पहिले काही आठवडे त्यांनी अण्णांशी फक्त खुणांनी बोलणं ठेवलं होतं.

बॅटरीचा चोर मात्र सापडत नव्हता. अण्णांनी घड्याळावर संशय घेतला. ते काढून स्वयंपाकघरात लावलं. मग हॉर्नवर. मग रिव्हर्सच्या संगीतावर, आणि बाळं आठवडाभर झोपली नाहीत. मग पार्किंगमधल्या मांजरावर, कारण ते सीटवर झोपायचं आणि "त्याच्या केसांत करंट असतो, मी बघितलंय." शेवटी एका सकाळी त्यांनी मला मदतीला बोलावलं. मी घरून काम करते. अण्णांच्या मते याचा अर्थ मी घरी असते आणि काम करत नाही.

"तू फक्त आकडा वाच. मी फ्यूज काढतो. ज्याचा फ्यूज काढल्यावर आकडा पडेल, तो चोर."

त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवून मधे मीटर जोडला. किल्ली बंद होती, तरी मीटरवर आकडा दिसत होता. म्हणजे कुणीतरी पीत होतं, हे नक्की. अण्णा गाडीशेजारी जमिनीवर आडवे झाले. मी मीटर धरून उकिडवी बसले.

"दिवे काढले. आकडा?"

"तेवढाच."

"चार्जर काढला."

"तेवढाच."

"निळी पट्टी?"

"तेवढाच, अण्णा."

एकेक करून सगळे फ्यूज जमिनीवर आले. आकडा ढिम्म. तेव्हा मला सीटखाली एक वायर दिसली, पांढरी टेप गुंडाळलेली. ती रिलेकडे जातच नव्हती. फ्यूजच्या पेटीलाही वळसा घालून थेट बॅटरीला जाऊन चिकटली होती. आमच्या ऑफिसात एखादा साहेबांचा भाचा असतो, तशी.

"अण्णा, ही कुठे जाते?"

अण्णा उठून बसले. हात झटकले. "ती आपली आहे."

"पण तीच सरळ बॅटरीला—"

"तिला विचारायचं नाही," ते म्हणाले आणि सगळे फ्यूज परत बसवू लागले. "मांजरच असणार."

त्यांचा आवाज मला एकदम अकरावर आल्यासारखा वाटला.

त्यानंतरच्याच रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. दर रविवारी अण्णा लवकर आवरून, केसांना तेल लावून, बाईवर बसून येलहंक्याला जात. का, ते कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की म्हणत, "काम आहे." सुहासचा अंदाज होता की तिथे जुन्या स्पेअर पार्टचं दुकान असावं. साने काकूंचा अंदाज वेगळा होता, आणि तो त्या डोळे बारीक करून सांगत.

"पोरी," अण्णा फोनवर म्हणाले, "बाई झोपली. जिन्याखालच्या कपाटात चार्ज केलेली दुसरी बॅटरी आहे. स्वल्प आणून दे की."

"कुठे?"

"येलहंका."

जे. पी. नगर शहराच्या दक्षिण टोकाला आणि येलहंका उत्तर टोकाला. म्हणजे अण्णांच्या 'स्वल्प'मध्ये अख्खं बंगळूर बसत होतं. सुहास पांघरुणात होता. मी बॅटरी स्कूटरवर पायांच्या मधे ठेवली आणि निघाले. रविवार असूनही हेब्बाळच्या पुलाखाली एवढी गर्दी होती की मला पहिल्यांदाच अण्णांच्या बाईची कीव आली.

त्यांनी सांगितलेल्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तोच अण्णांचा आवाज ऐकू आला. माणूस दिसायच्या आधी आवाज.

"डावीकडे टॉकीऽऽज! रांग बघ केवढी! बाल्कनी फुल्ल!"

मी डावीकडे पाहिलं. एक केस कापायचं दुकान होतं, आणि त्याच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं.

पुढे जाऊन पाहते तर एका बैठ्या घरासमोर बाई स्टँडवर उभी. इंजिन बंद. वर अण्णा हेल्मेट घालून, दोन्ही हातांनी हँडल धरून बसलेले. त्यांच्या मागे त्यांच्याहून वयस्कर अशा एक बाई. लाल हेल्मेट, सलवार-कमीज, पायांत खेळायचे बूट, दोन्ही हात अण्णांच्या खांद्यांवर. दोघांच्या हेल्मेटमधून जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असते तशी गुंडाळ्यांची वायर निघून सीटखाली गेली होती. आणि गल्लीतली सगळी घरं फाटकात उभी होती, हातात कॉफीचे पेले घेऊन.

"आता वळण! धर घट्ट!" अण्णा ओरडले आणि उजवीकडे कलले. मागच्या बाईही कलल्या. फाटकातले दोघे-तिघेही स्वल्प कलले.

"अण्णा, टॉकीजला कुठला पिक्चर?" समोरच्या घरातून कुणीतरी कानडीत विचारलं.

"रांगेमुळे दिसत नाही!" अण्णांनी उत्तर दिलं आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले. ते थांबले.

"लाईन गेली का रे?" मागच्या बाईंनी विचारलं.

"नाही अक्का. बॅटरी आली."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अक्कांची सून फाटकात उभी होती. तिने मला आत नेऊन कॉफी दिली आणि सगळं सांगितलं. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभं आयुष्य कानांना हेडफोन लावून लोकांच्या लाईनी जोडत बसल्या. काही वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि त्यांनी घराबाहेर पडणं बंद केलं. बाहेर काय चाललंय ते दिसत नाही, मग जायचं कशाला, असं म्हणायच्या. तेव्हा अण्णांनी हे यंत्र बनवलं. त्यांच्या हेल्मेटात माईक, अक्कांच्या हेल्मेटात स्पीकर, आणि सीटखाली आवाज पोचवणारा एक डबा. दर रविवारी ते अक्कांना मागे बसवतात, शहरातून सावकाश फिरवतात आणि वाटेत जे जे लागेल ते त्यांच्या कानात सांगत राहतात.

"आज गाडी चालूच होईना," सून म्हणाली. सासूला ती कानडीत अत्ते म्हणायची. "मामा रडवेले झाले. अत्ते म्हणाल्या, गाडी नाही तर नाही, तू बोल. पण मागे बसल्यावर हेल्मेट काढायचं नाही हा त्यांचा नियम. आणि बॅटरीबरोबर डबाही मेलेला, म्हणून हे ओरडणं."

मी हसले. तीही हसली. मग तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "ती टॉकीज पाडून किती वर्षं झाली. एक्स्चेंजसमोरची चिंचेची झाडं सांगतात, ती पुलासाठी तोडली. एक्स्चेंजची जुनी इमारत सांगतात, तिथे आता काचेचं ऑफिस आहे. अत्तेंना आठवतंय तसंच सगळं सांगतात. आम्ही कुणी काही बोलत नाही."

बाहेर अण्णा जुनी बॅटरी सोडवत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि त्या पांढऱ्या टेपच्या वायरीकडे बोट केलं. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"सिग्नलला इंजिन बंद करावं लागतं, अल्वा?" ते हळूच म्हणाले. "पहिल्यांदा हा डबासुद्धा किल्लीवरच ठेवला होता. किल्ली बंद केली की तिच्या कानातला आवाज बंद. चहूकडे हॉर्न, काही दिसत नाही, आणि मी पण नाही. एकदा एवढी घाबरली की खांद्यात नखं रुतली माझ्या. त्या दिवशी वायर थेट बॅटरीला जोडून टाकली."

"म्हणजे कोण पितंय ते तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"मग घरी गेल्यावर तेवढी काढून ठेवायची!"

अण्णा पाना फिरवत राहिले. "काढायला हात जात नाही. ती लाईन तोडल्यासारखं वाटतं. म्हटलं, दुसरं कुणी पीत असेल तर त्याला पकडू, हिला पिऊ दे."

मांजरावर केवढा अन्याय झाला होता!

"मग टायमर लावा," मी म्हणाले. "किल्ली बंद झाल्यावर दहा मिनिटं चालू राहील, मग आपोआप बंद. तोडायलाही नको."

"टायमर मला ठाऊक नाही का? अवजारांच्या डब्यात पडलाय." त्यांनी मान वर केली. "बंगळूरचा सिग्नल दहा मिनिटांत सुटतो अशी गॅरंटी तू देतेस?"

मी नुकतीच हेब्बाळहून आले होते.

"अर्ध्या तासाचा लावा."

अण्णांनी बराच विचार केला. "पाऊण तासाचा," ते म्हणाले. "सरी?"

"सरी."

(पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघांनी तो लावला. तेव्हापासून बाईचा शुक्रवार कोरडा जात नाही. घड्याळ हँडलवर परत आलं. मांजराची अण्णांनी एक मासा देऊन माफी मागितली.)

नवी बॅटरी बसली, अण्णांनी किक मारली, आणि गल्लीतली सगळी भांडी एकदम नाचली. फाटकांतून टाळ्या पडल्या. अण्णा आत पाणी प्यायला गेले तेव्हा अक्का गाडीवरच बसून होत्या. त्यांनी आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला. मी तो धरला.

"तू त्याच्या बिल्डिंगमधली ना? आत्ता शहरातूनच आलीस?"

"हो अक्का."

"तुला दिसतं. मला खरं सांग." त्यांनी माझा हात दाबला. "हा सांगतो तसंच आहे का सगळं? एक्स्चेंजसमोरची झाडं आहेत?"

मी बंगळूरला येऊन तीन वर्षंही झाली नव्हती. ती झाडं मी कधी पाहिली नव्हती. येताना त्या पुलाच्या रस्त्यावर मी फक्त सिमेंटचे खांब पाहिले होते, ओळीने.

"आहेत," मी म्हणाले. "चांगली सावली पडते."

अक्का हेल्मेटच्या आत हसल्या. "छान बोलतेस," त्या म्हणाल्या. "आमच्या एक्स्चेंजमध्ये तुला नोकरी मिळाली असती."

अण्णा आले. बाई निघाली. मलाही त्याच वाटेने घरी जायचं होतं, म्हणून मी स्कूटरवर त्यांच्या मागे मागे राहिले. ते अगदी सावकाश चालले होते. बसवाले शिव्या देत पुढे जात होते, रिक्षा घासून जात होत्या, आणि त्या सगळ्यात अण्णांचं हेल्मेट बोलताना हलतं तसं सारखं हलत होतं. एका मोठ्या चौकानंतर त्यांनी वेग आणखी कमी केला आणि हँडलवरचा डावा हात काढून बाजूला दाखवला. तिकडे एक उंच काचेची इमारत होती, तिच्यात ढग दिसत होते.

अक्कांनी तिकडे मान वळवली, आणि ती जागा पार मागे पडेपर्यंत त्या वळून बघत राहिल्या.